जादा पाटा

दसऱ्याला आपल्याकडे गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू जातं, स्टिअरिंगला हळदकुंकू लागतं. ब्रेकच्या पेडलला फूल वाहिलेलं मात्र मी अजून पाहिलेलं नाही. पायाखालची वस्तू म्हणून असेल, किंवा गाडी चालावी एवढंच देवाकडे मागायचं, थांबण्याचं आपलं आपण बघून घेऊ, असाही हिशेब असेल. एकूण ब्रेकला मान नाही. नवी गाडी दाखवताना माणूस एसी दाखवतो, छताची काच उघडून आभाळ दाखवतो. ‘चल, थांबते कशी ते बघ’ म्हणून कुणी पाहुण्याला फेरी मारून आणत नाही.

म्हणून मला आमच्या शेजाऱ्यांचं अप्रूप आहे. आम्ही राहतो ते डेट्रॉइटचं उपनगर. इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ सालापासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. लोक कडेला खुर्च्या टाकून बसतात, बॉनेटं उघडी असतात, आणि प्रत्येक बॉनेटपुढे एकच प्रश्न: किती हॉर्सपॉवर? शेजारी उभी हयात फोर्डच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले. आमच्या घरात त्यांचं नाव ‘ट्रकवाले काका’. त्यांच्या गॅरेजमध्ये १९५६ची फोर्ड एफ-१०० पिकअप आहे, फिकट हिरवी, गोल खांद्यांची. पुढची काच दोन्ही टोकांना वळून दारापर्यंत येते. या घाटणीच्या ट्रकला ती वळलेली काच फक्त त्याच वर्षी मिळाली, त्यामुळे जाणकार लांबूनच साल ओळखतात आणि काका लांबूनच फुलतात. अशा ट्रकचा मालक निवृत्तीचे पैसे इंजिनावर उधळेल असं कुणालाही वाटावं. काकांनी ते थांबण्यावर उधळले.

कारण विचाराल तर त्यांनी मला चहाच्या कपांत समजावलं. म्हणजे त्यांनी कॉफी म्हटलं होतं, मी मनातल्या मनात चहा केला. धावत्या गाडीच्या अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे आपण शाळेत पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. ब्रेकचं काम त्या ऊर्जेची उष्णता करून टाकण्याचं. साधारण दीड टनाचा ट्रक ताशी ३० मैलांवरून थांबवला, तर त्या उष्णतेत तीनेक कप चहाचं पाणी उकळेल. ६० मैलांवरून थांबवला तर बारा कप. वेग दुप्पट, पाहुणे चौपट. १९५६ साली शेतावरून गावात बियाणं आणायला जाणाऱ्या ट्रकला तीन कपांची सवय होती. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी देशभर महामार्ग विणण्याच्या कायद्यावर सही केली ती त्याच वर्षी, २९ जूनला. ट्रक आणि कायदा एका वयाचे, पण ट्रक बनवणाऱ्यांनी कायद्याचा रस्ता पाहिला नव्हता. आता काका त्या रस्त्यावर येतात तेव्हा पुढची इलेक्ट्रिक गाडी जागच्या जागी थांबते आणि ट्रकच्या ड्रम ब्रेकमध्ये बारा पाहुणे एकदम येऊन बसतात.

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे आतल्या लायनरपासून लांब जातो. तापलेल्या लायनरची पकडही सुटते. पेडल खाली खाली जातं, आणि माणूस सीटवरून उठून त्याच्यावर उभा राहतो. डिस्क ब्रेकच्या चकतीचं उलट. ती उघड्या हवेत फिरते, लवकर निवते, आणि तापून जाड झालीच तर पॅडच्या दिशेनेच सरकते. ड्रमचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तो फिरता फिरता लायनरला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. डिस्क असं काही करत नाही. तिला जेवढं दाबाल तेवढंच ती धरणार.

ड्रमचा मला घरचा अनुभव आहे. आमच्या मामांची जीप होती, चारही चाकांना ड्रम. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की पुढचा फर्लांगभर मामा डाव्या पायाने ब्रेक हलकाच दाबून ठेवत. लायनर वाळवायचे असत. ते वाळेपर्यंत जीप थांबेल की नाही हे जीपच ठरवायची. समोर म्हैस आली तर मामा ब्रेकऐवजी आवाज वापरत, आणि तो बहुधा पुरेसा होई.

काकांच्या मनातली खरी धास्ती वेगळी होती. या ट्रकचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली, चासीला बसवलेला. ब्रेक ऑइल घालायचं तर जमिनीवरचं झाकण उचकटून आत वाकायचं. चारही चाकांना मिळून एकच कप्पा. एका चाकाची नळी फुटली की तेल गळून चारही चाकं मोकळी, मग हँडब्रेक आणि परमेश्वर. दोन कप्प्यांचे सिलिंडर अमेरिकेत सर्रास झाले ते १९६७च्या आसपास. पुढच्या चाकांचा एक, मागच्यांचा एक, म्हणजे एक गेला तरी दुसरा निदान गाडी कडेला घेण्यापुरता उरतो. हे सुचायला इतकी वर्षं का लागावीत, हा प्रश्न मी काकांना विचारला. त्यांनी आवाज खाली आणून, गॅरेजच्या दाराकडे बघून सांगितलं की क्रायस्लरने १९२४ सालीच तेलाचे ब्रेक दिले होते आणि फोर्डच्या गाड्यांनी सळ्या आणि तारा सोडल्या त्या १९३९च्या मॉडेलला. हेन्री फोर्ड यांचा पोलादावर विश्वास होता, पाण्यासारख्या पातळ पदार्थावर नव्हता. निवृत्त झाला तरी माणूस कंपनीचा असतो, हे त्या खालच्या आवाजावरून कळलं.

त्यामुळे पुढच्या ड्रमच्या जागी लावायला काकांनी मागवलेल्या डिस्कचं पार्सल उघडलं तो क्षण अवघड होता. एफ-१००च्या मूळ अॅक्सलवर बसणारे डिस्कचे जे तयार संच मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत पॅड दाबणारे कॅलिपर असतात ते जनरल मोटर्सच्या शेव्हरलेसारख्या गाड्यांचे. मिळायला सोपे, स्वस्त, सुटे भाग कुठेही. फोर्डच्या हातात शेव्हरलेचं कडं! २००६ साली फोर्डच्या डिअरबॉर्न ट्रक कारखान्याने दाराजवळचं पार्किंग फोर्डच्या गाड्यांसाठीच राखून ठेवलं होतं. इतर कंपनीच्या गाडीतून येणाऱ्या कामगाराने रस्त्यापलीकडे गाडी लावून चालत यायचं. अशा मुलखात हे आंतरजातीय लग्नच. काकांनी कॅलिपर हातात घेतला, उलटसुलट केला, आणि त्याला आधी काळा रंग मारला. कुठून आला ते दिसू नये म्हणून. घरात आल्यावर आपलाच, असं माझी आजी म्हणायची, ती इथे असती तर तिने ओटी भरली असती.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा मी पुरेसं आश्चर्य दाखवलं नाही. ड्रमचा ब्रेक लुई रेनॉल्टने आणला १९०२ साली, आणि इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्कचं पेटंट घेतलं तेही १९०२ सालीच. दोघं एकाच वर्षी जन्मले. एक पन्नास वर्षं घराघरांत नांदला, दुसरा अडगळीत बसला. मग १९५३ साली फ्रान्समध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रॉल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकवाली जॅग्वार पहिली आणली, आणि सगळे मागे वळून बघायला लागले. फोर्डने एफ-१०० बाजारात आणली ती त्याच वर्षी. अर्थात चारही चाकांना ड्रम लावून. शेतकऱ्याला शर्यत जिंकायची नव्हती. शेव्हरलेच्या हलक्या पिकअपना पुढे डिस्क सरसकट मिळायला १९७१ उजाडलं.

या कामात माझी पात्रता बॅटरी धरण्याची. मी विम्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यात बिघाड झाला तर कुणाच्या अंगावर तेल उडत नाही. पण ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि काकूंनी लग्नाच्या इतक्या वर्षांत आपण पुरेसे पेडल मारले आहेत असं जाहीर केलं होतं. म्हणून मी ट्रकमध्ये बसलो आणि काका मागच्या उजव्या चाकापाशी आडवे झाले. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. काळाकुट्ट पुठ्ठा अंगाखाली, निपलवर पाना, निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक जॅमच्या बरणीत. बरणीवर अजून स्ट्रॉबेरीचं चित्र.

“दाब.”

“दाबला.”

“धर.”

“धरला.”

मग पाना अर्धा आटा फिरतो, पायाखालचं पेडल आपोआप बुडत जातं, आणि बरणीत बुडबुड होतं. पाना आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेर काढलेली हवा उलट्या पावली घरात येते. “सोड.” परत पहिल्यापासून. मला दिसत होते फक्त काकांचे बूट. संवाद मात्र सप्तपदीइतक्या गांभीर्याने चालला होता. सुरुवातीला पेडल पोकळ लागतं, जणू खाली कुणी नाहीच. चौथ्या चाकापर्यंत येता येता ते हळूहळू भरत जातं आणि मग अचानक पायाखाली काहीतरी टणक उभं राहतं. ते टणकपण तळपायाला कळतं तेव्हा होणारा आनंद मला कुठल्याही सॉफ्टवेअरने दिलेला नाही. तेवढ्यात तेलाचा एक थेंब चाकाच्या हिरव्या रंगावर पडला आणि काका या वयात ज्या वेगाने पाण्याचा फडका आणायला धावले, त्यावरून ब्रेक ऑइल रंग खातं हे मला न सांगता समजलं.

पण एवढ्यावर भागत नाही. जुन्या वस्तूत एक नवी घातली की ती आपल्या माहेरची माणसं बोलावते. डिस्कला जास्त दाब लागतो, म्हणून व्हॅक्यूमचा बूस्टर आला. बूस्टरला जागा नाही, म्हणून नवा ब्रॅकेट आला. सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर, म्हणून तेल परत वाहून येऊ नये यासाठी नळीत दोन पौंडांचा दाब राखून ठेवणारा छोटासा व्हॉल्व्ह आला. मागे ड्रमच ठेवले होते. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरायची, म्हणून मागचा दाब कमी करणारा आणखी एक व्हॉल्व्ह. इतकं झाल्यावर गाडी पुढे इतकी छान थांबायला लागली की नाक जमिनीला टेकवून थांबायला लागली. म्हणजे आता शॉकअॅब्सॉर्बर. शॉक बघायला खाली वाकावं तर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दिसले.

पाट्यांवरून हौशी लोकांत पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, पुढचा सरळ अॅक्सल, किंगपिन, पाटे, सगळं कापून फेका आणि मस्टँग टूची मांडणी वेल्डिंग करून बसवा. या मस्टँग टूची गंमत अशी की १९७४च्या मॉडेलला आलेली ही गाडी मस्टँगच्या भक्तांनी कधी आपली मानली नाही. तिच्या पुढच्या चाकांची आटोपशीर रचना मात्र एवढी गाजली की आजही जुन्या गाड्यांखाली तिच्या नावाचे संच बसतात, आणि त्यांत मूळ गाडीचा एक नटही नसतो. दुसऱ्या पंथाचे लोक थोड्या नंतरच्या सालांच्या ट्रकखाली क्राउन व्हिक्टोरियाचं पुढचं अंग घालतात. २००३ ते २०११ या काळातली ही गाडी म्हणजे पोलीस आणि टॅक्सी. आजोबांच्या ट्रकखाली निवृत्त फौजदार. तिसरा पंथ म्हणतो, काहीही बदलू नका, ड्रमसकट मरा. या तिसऱ्या पंथाबद्दल मला आदर आहे, फक्त त्यांच्या पुढे गाडी चालवायची इच्छा नाही. त्यांचे ट्रक बहुधा ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला येतात आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला चारही चाकांना डिस्क असतात.

काकांनी कापाकापी नाकारली. त्यांचं म्हणणं, जे नटबोल्टने बसतं ते नटबोल्टने निघतं. काढलेले ड्रम त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून, कुठल्या चाकाचा कुठला ते लिहून, फळीवर ठेवलेत. पुढे ज्याच्या हाती ट्रक जाईल त्याला मागे फिरावंसं वाटलं तर फिरू दे. मला हा पंथ पटला. मात्र पाटे नरम करायचे त्यांनी ठरवलं. या ट्रकला अर्ध्या टनाचा म्हणतात, म्हणजे मागे तेवढं ओझं टाकावं या हिशेबाने पाट्यांची चळत बांधलेली. रिकामा ट्रक त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला दाद देतो. काका त्यात नेणार काय, तर घडीच्या दोन खुर्च्या आणि थंड पेयांची पेटी. तेव्हा मागच्या चळतीतले काही पाटे काढून टाकायचे.

किंगपिनचे बुश आणि पाटे यांबद्दल बोलणारा माणूस मिशिगनमध्ये आता शोधावा लागतो. मला शोधावा लागला नाही. शाळेतल्या माझ्या मित्राचं कराडजवळ हायवेला लागून गॅरेज आहे. इकडे जे पुराणवस्तू झालं ते त्याच्या दारात रोज सकाळी रांगेत उभं असतं. आपल्याकडच्या मालट्रकांना पुढे अजून तोच सरळ अॅक्सल, तेच किंगपिन, तेच पाटे. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन ट्रकखाली धरला. मित्राने चहाचा कप बाजूला ठेवला.

“पाटं काढतोय व्हय?” त्याला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. “आरं, हितं उसाच्या दिवसांत मी रोज जादा पाटा घालतोय. काढायला आजवर कुणी आलं न्हाई.”

मी सांगितलं, ओझं न्यायचं नाहीये.

“मग ट्रक कशाला घेतला म्हाताऱ्यानं?”

हा प्रश्न मी इंग्रजीत आणला नाही. काका उत्सुकतेने माझ्याकडे बघत होते, त्यांना म्हटलं, तो म्हणतोय ट्रक सुंदर आहे. मित्राने तरीही पाट्यांना जळकं ऑइल मारायला सांगितलं, मधला बोल्ट तपासायला सांगितला, आणि यू-बोल्ट पन्नास मैल चालवून पुन्हा आवळायला सांगितले. काकांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. पाटे निघाले. ट्रक गादीवरून चालल्यासारखा चालू लागला. महामार्गावर काका आता ब्रेकच्या नव्हे, मागच्या गाडीच्या काळजीत असतात. आपण थांबू, पण सत्तर वर्षांची ही वस्तू एवढ्यात थांबेल असं मागच्याला वाटणार नाही ना!

मग मे महिना आला. इथे मेच्या मध्यापर्यंत दहिवराची भीती, त्यानंतर सगळं मिशिगन हातात फावडं घेऊन अंगणात उतरतं. आमच्या सौभाग्यवतींना मेथी, कोथिंबीर आणि भरायच्या वांग्यांसाठी माती हवी होती.

“आपल्या गाडीत पोती किती बसणार? काकांना विचार ना. ट्रकच आहे तो.”

काका एका पायावर तयार. ओल्या मातीचा अर्धा घनयार्ड म्हणजे अर्ध्या टनाच्या आतबाहेर. मातीवाल्याच्या लोडरने आपली बादली हौद्यावर नेली आणि उपडी केली. ट्रक बसला. पुढचं नाक आभाळात, मागचा अॅक्सल चासीखालच्या रबरी ठोकळ्यांना जाऊन भिडलेला. घरापर्यंतचा प्रत्येक खड्डा आम्ही दोघांनी मणक्यात मोजला. ब्रेक मात्र उत्तम लागत होते, आणि हे काकांनी प्रत्येक सिग्नलला मला ऐकवलं. माती उतरवून झाल्यावर ते पुठ्ठा घेऊन खाली सरकले, ठोकळ्यांवरचा घासल्याचा चकचकीत डाग बोटाने पुसून पाहिला, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या शनिवारी गॅरेजमधून पान्यांचा आवाज आला. काढलेल्या पाट्यांपैकी एक चळतीत परत जात होता. मी कराडला कळवलं. तिकडे रविवारची सकाळ, मित्र दुकानातच होता.

“एकच?” तो म्हणाला. “एकानं काय हुतंय? वांगी धरली की ती आणायला बी त्योच ट्रक लागंल. दुसरा पण घालून टाक म्हणावं.”

हे मात्र मी काकांना शब्दशः सांगितलं. ते वही आणायला आत गेले.